मालक, ‘भात संपला’ म्हणत जा

प्रति,
सोलापूरच्या चारी बाजूंच्या हायवेवरचे ढाबेवाले, हॉटेलवाले आणि खानावळवाले मालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात १८ वर्षं भाड्याची गाडी चालवतो. स्टेशनवर पार्टी घ्यायची, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर असं दर्शन घडवायचं आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा स्टेशनला सोडायचं, हे माझं काम. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी चेहऱ्यानं माहीत आहे. गाडी दारात लावली की तुम्ही हात करता, पोरगा पाण्याचा जग घेऊन येतो आणि माझं ताट वेगळं लागतं. आज त्या वेगळ्या ताटाबद्दलच आधी बोलायचं आहे.

गेल्या वैशाखात चंद्रपूरकडचं एक कुटुंब आलं होतं. सात माणसं, त्यात पंचाहत्तरीची एक आजी. पहिल्या दिवशी तुळजापूर, दुसऱ्या दिवशी अक्कलकोट-गाणगापूर, तिसऱ्या दिवशी पंढरपूर आणि मग परतीची रेल्वे, असं ठरलं होतं. आजीचा सगळा जीव पंढरपुरात. गाडीत बसल्यापासून तिनं मला तीनदा विचारलं असेल, “पायावर डोकं ठेवू देतेत ना रे पोरा?” रांग मोठी असते पण धरू आपण, असं मी प्रत्येक वेळी म्हणालो.

गाणगापूरहून परतताना दुपारचे तीन वाजले. डांबर डोळ्यांसमोर हलत होतं, पोरं भुकेनं किरकिरायला लागली होती. गाडी मी थांबवली. पार्टीनं जागा सांगितली नव्हती, मीच ठरवली. का ठरवली तेही लिहितो. तिथं ड्रायव्हरचं जेवण फुकट असतं. त्या ढाब्याचं नाव इथं लिहीत नाही. जे तिथं आहे ते मी नंतर आणखीही ठिकाणी पाहिलं, आणि एकाला पकडून बाकीच्यांनी सुटावं असं मला वाटत नाही.

मला आत तंदूरजवळ बसवलं. रोटी तव्यासारखी तापलेली, भुर्जी माझ्या डोळ्यांदेखत परतलेली. बाहेर कूलरच्या वाऱ्यात आजीला रोटी चावेना म्हणून तिनं वरण-भात मागवला. सूनबाईंनी आणि आठ वर्षांच्या नातवानं तोच घेतला. बाकी चौघांनी रोटी-भाजी खाल्ली. बिल झालं, निघालो.

संध्याकाळी सातच्या आत लॉजवरून फोन आला. आधी आजीला उलट्या, मागोमाग नातवाला, मग सूनबाईंना. भात खाल्लेले तिघं आडवे आणि रोटी खाल्लेले चौघं धडधाकट. मी तसाच गाडी काढून तिघांना दवाखान्यात नेलं. मायलेकरं रात्रीतून सावरली. आजीला मात्र दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. पंढरपूर राहिलं. परतीचं तिकीट पुढं ढकललं, आणि ज्या दिवशी ती मंडळी गेली त्या दिवशी व्हीलचेअरवरून डब्यापर्यंत नेताना आजीनं माझा हात धरला. म्हणाली, “तुझा काय दोष रे पोरा. माझ्या विठ्ठलाचं राह्यलं तेवढं.” दोष माझा होता. तिला ते सांगायला तोंड उघडलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे.

चार दिवसांनी मी रिकामी गाडी घेऊन त्या ढाब्यावर गेलो. भांडायलाच गेलो होतो. मालक नव्हते. मग मागच्या बाजूला, मोरीकडं गेलो. १८ वर्षं याच रस्त्यांवर जेवतो, पण कुणाच्याच मोरीकडं कधी गेलो नव्हतो.

शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर प्लास्टिकचे दोन टब. एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात विसळायचं. विसळायच्या टबातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं करडं झालेलं, वर तेलाचा तवंग, त्यात भाताची शितं आणि कोथिंबिरीचं एक पान फिरत होतं. विशीतला एक पोरगा पाच-पाच ग्लास बोटांत अडकवून त्यात बुडवायचा आणि बाहेर काढून पालथे घालायचा. तेच ग्लास पुढं टेबलावर. त्याच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, ओलीचिंब, कडेनं पिवळी. शेजारच्या ओट्यावर भाताचं मोठं पातेलं, त्यावर ओलं फडकं. मी पातेल्याला हात लावून बघितला. कोमट होतं. घड्याळात साडेतीन झाले होते.

“भात कधीचा रे?”

“सकाळी धाचा.”

“आणि हे पाणी कधी बदलतोस?”

त्यानं मागच्या टाकीकडं मान वळवली. “टँकर परवा येतंय. मालक म्हणतेत पाणी जपून वापर.”

माझा अर्धा राग तिथंच उतरला. सोलापूरच्या माणसाला पाण्याचं काय सांगायचं? उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांआड, हे बघतच आमची पिढी म्हातारी व्हायला आली. घरात पिंप, बादल्या, कळशा भरून ठेवायच्या आणि शेवटच्या दिवशी तळाचं पाणी गाळून घ्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. हायवेवर तर नळच नाही. बोअर आटली की टँकर, आणि टँकरचं पाणी कुठून भरलं हे टँकरवाल्यालाच ठाऊक. म्हणून मी तुम्हाला आळशी म्हणणार नाही. पण पाणी कमी आहे तिथं ते कुठं वाचवायचं आणि कुठं वाचवायचं नाही, हे ठरवणं मालकाच्या हातात आहे. दारातल्या कुंड्यांना आणि गाड्या धुवायला पाइप चालू असतो, आणि ग्लासाला मात्र सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत पुरवायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझी मुलगी बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी शिकते. घरी येऊन सगळं तिला सांगितलं. तिनं जे समजावलं ते ऐकून मी रात्रभर जागा होतो, म्हणून तुमच्याही कानावर घालतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष इतकं चिवट की मग तुम्ही तो भात पुन्हा वाफवा, फोडणी द्या, जिरा राईस करून वर कोथिंबीर भुरभुरा, विष जागच्या जागी. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. अंगठ्याच्या चिघळलेल्या जखमेतला स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू तसाच. अन्नात त्यानं एकदा विष केलं की तेही उकळून जात नाही. “पुन्हा एक उकळी दिली की झालं” हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. या दोन बाबतींत ते खोटं आहे.

अन्न गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर आणि गार ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, असा नियम आहे. मधल्या पट्ट्यात जिवाणू फोफावतात. आता वैशाखातली आपली हवा बघा. बाहेरच ४२-४३ अंश. म्हणजे दुपारी ओट्यावर ठेवलेलं पातेलं गार पडतच नाही, जिवाणूंना हवं तेवढंच कोमट ते तासन् तास राहतं. पुण्या-नाशकाकडच्या ढाब्यावर जे कदाचित खपून जाईल ते सोलापूरच्या उन्हात खपणार नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे पुस्तकाशिवाय कळत होतं असं मला वाटतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही प्रवासाचीच शिदोरी. भाकरीत पाण्याचा अंश ठेवायचा नाही, चटणीत पाणी घालायचं नाही, म्हणून ती कित्येक दिवस टिकते. चटणीच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून माझ्या आईनं मला मारलेलं आठवतं. आज मात्र ढाब्यावर चटणीची वाटी टेबलावर उघडी असते, एका पार्टीची उरलेली पुढच्या पार्टीसमोर, त्यात चार जणांची खरकटी बोटं बुडलेली. चटणी सोलापूरची आहे, तिचं नाव राखा. मागेल त्याला नवीन वाढा आणि उरलेली टाकून द्या.

पैसे लागतात, असं तुम्ही म्हणाल. शहरात एक मावशी खानावळ चालवतात. पत्र्याची खोली, चार बाकं, भिंतीला साधा चुना. टाइल्स नाहीत, एसी नाही. पण तव्यावरची भाकरी थेट ताटात येते. भाताचं छोटं कुकर दर तासाला नवं लागतं, आणि दुपारी अडीचच्या पुढं कुणी भात मागितला की मावशी सरळ सांगतात, “भात संपला बाबा, भाकरी खा.” मी एकदा चिडलो होतो त्यावर. आता मला कळतं की गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल पण शिळं वाढायचं नाही, हे त्या पाच शब्दांत मावशी बोलत होत्या. अक्कलकोटच्या अन्नछत्रात रोज हजारो माणसं जेवतात, पंगतीमागून पंगत उठते. तिथं शिजलेलं अन्न ताटात पोचायला वेळच लागत नाही. एवढ्या गर्दीचं साधतं ते पंधरा टेबलांच्या ढाब्याला साधणार नाही, हे मला पटत नाही.

उलट रोषणाई केलेली, फॅमिली रूम असलेली, दारात कारंजं बसवलेली हॉटेलं मी आता मागून बघितली आहेत. एक-दोन ठिकाणी तर टब तोच होता, रंग तेवढा वेगळा. पार्टी पुढची बाजू बघून शिरते. आम्ही ड्रायव्हर लोकसुद्धा.

मालक, माझं मागणं फार नाही. तो विसळायचा टब आधी काढून टाका. त्याच्या जागी दोनशे लिटरचं एक पिंप चबुतऱ्यावर चढवा आणि त्याला खाली तोटी बसवा. भांडं तोटीखाली धारेनं विसळलं की टबापेक्षा पाणी फार जास्त लागत नाही, मी घरी मोजून बघितलं आहे. धार बारीक ठेवायची एवढंच. टँकरचं पाणी टाकीत घेतलं की त्यात टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, प्रमाणात टाका, पिण्याचं पाणी वेगळं ठेवा. टाकी धुतली की तारीख टाकीवर रंगवा. गावातल्या ग्रामपंचायतीच्या टाकीवर ती लिहिलेली असते, तुमच्या टाकीवर का नको? भात थोडा थोडा लावा. चार वाजता कुणी आलं तर ‘भात संपला’ म्हणा. गिऱ्हाईक रागावेल, रोटी खाईल, आणि रात्री नीट झोपेल.

त्या फडक्याचंही बोलू द्या. सोलापूर हे टॉवेलचं आणि चादरीचं गाव. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं, आपला टॉवेल परदेशात जातो. आणि आपल्याच टेबलावर फिरतं ते काळं, आंबूस फडकं, ज्यानं आधी सांडलेली डाळ पुसली, मग बाक, मग तेच ग्लासाच्या काठावरून! त्याच फडक्याचा वास लागला म्हणून माझ्या गाडीतल्या बाईंनी एकदा पाणीच प्यायचं सोडलं, पुढचे चाळीस किलोमीटर तशाच बसल्या. एमआयडीसीतल्या कारखान्यातून सेकंड मालाचे नॅपकिन स्वस्तात मिळतात. दिवसाला डझनभर लावा, संध्याकाळी उकळत्या पाण्यात सोड्यानं धुवा. टेबलाचा वेगळा, भांड्यांचा वेगळा, हाताचा वेगळा. ज्या गावानं जगाचं अंग पुसलं त्या गावात निदान एवढं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळ्यात रसवंत्या लागतात, ताकाच्या गाड्या लागतात. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून जमिनीवरून ओढत आणतात आणि तीच फोडून ग्लासात. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आपल्याकडं आहे. तरीही घेताना विचारा की हा कशाच्या पाण्याचा. आणि भजी-वडे वर्तमानपत्रात बांधून देणं आता बंद करा. पॅकिंगच्या २०१८ च्या नियमांत त्याला मनाई आहे. शाई तेलात उतरते.

त्या पोराच्या अंगठ्याबद्दल मात्र वेगळं सांगतो, कारण ते माझ्या मनातून जात नाही. जखम त्यानं लपवलेली नव्हती. सांगितलं तर दिवसाचा पगार कापतील म्हणून तो चिंधी बांधून उभा होता. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे, ५ ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. त्याखालच्या नियमांत, ज्याला सगळे शेड्यूल ४ म्हणतात, अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायची आहे आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस द्यायची आहे. चिघळलेली जखम, उलटी-जुलाब असलेल्या माणसाला अन्नापासून दूर ठेवायचं आहे. त्या पोराला तुम्ही चार दिवस पगारी बसवा किंवा गल्ल्याजवळ गाड्यांना हात करायला उभं करा. तुम्ही पगार कापणार नाही हे त्याला माहीत असेल तरच तो तुम्हाला जखम दाखवेल. पंचवीस कामगारांमागं एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा असंही आहे. तुमच्याकडं आठ पोरं असतील तर तुम्ही स्वतः किंवा तुमचा मुलगा ते प्रशिक्षण घ्या. गल्ल्यावर बसून मागची मोरी दिसत नाही.

आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर देवाच्या फोटोमागं टांगू नका. आत येणाऱ्याला दिसेल असा लावा. घाणीत अन्न शिजवल्याबद्दल एक लाखापर्यंत दंड आहे, पण दंडाची भीती दाखवायला मी हे पत्र लिहीत नाही.

माझ्या गाडीवाल्या भावांनो, दोन शब्द तुम्हालाही. आपल्याला गरम मिळतं म्हणजे ताजं कसं वाढायचं हे त्या ढाब्याला येतं. येतं ते फक्त आपल्यापुरतं. आपण ते फुकट ताट खातो तेव्हा आपल्या गाडीतल्या सात माणसांच्या ताटाचं बघायचं नाही, असा तो सौदा असतो. मी त्या दिवसापासून पैसे देऊन जेवतो आणि पार्टी जे खाते तेच खातो. शंभर-सव्वाशे रुपये जातात, दिवसाच्या भाड्यात ते निघतात. तुमचं तुम्ही ठरवा.

अन्न व औषध प्रशासनाच्या आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या साहेबांना एवढीच विनंती, की दिवाळीच्या तोंडावर खव्या-मिठाईची तपासणी होते तशी ती चैत्र-वैशाखात आणि आषाढीच्या आधी या रस्त्यांवरही व्हावी. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान व्हावी, कारण सकाळी अकराला सगळ्यांचाच भात ताजा असतो. आणि प्रवाशांनी, कुठं बाधलं तर गप्प गावी जाऊ नये. प्रशासनाचा १८००२२२३६५ हा टोल फ्री नंबर आहे, फूड सेफ्टी कनेक्ट हे ॲप आहे. बिल जपून ठेवा, कुणी काय खाल्लं ते लिहून ठेवा. आजीच्या बाबतीत मी स्वतः हे केलं नाही. बिल गाडीतच पडलं होतं, मी ते कचऱ्यात टाकलं.

त्या ढाब्यावर मी आणखी एकदा गेलो, मालक भेटले. आधी चिडले, मग गप्प झाले, मग मला घेऊन मागं आले. स्वतःच्या मोरीकडं तेही बऱ्याच दिवसांनी आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पिंपाचं बघतो म्हणाले. पोराच्या अंगठ्याला त्यांनीच पट्टी आणायला पाठवलं.

आजीच्या मुलाचा परवा फोन आला होता. दिवाळीनंतर थंडीत येतो म्हणाले, आजी ऐकायला तयार नाही. या वेळी आधी पंढरपूर, मग बाकीचं. शिदोरी मी घरून आणणार आहे, पण तीन दिवस शिदोरीवर निघणार नाहीत, कुठंतरी तुमच्याकडं थांबावं लागेल. तेव्हा मालक, गाडी लागली की मी आधी गल्ल्याकडं येणार नाही, मागं मोरीकडं जाणार आहे. वाईट वाटून घेऊ नका. तोटीखाली ग्लास धुतलेला दिसला की मी सातही जणांना आत बोलावीन.

आपला,
सोलापूर स्टेशनवरचा एक गाडीवाला